जीपची पूजा

लष्करी लिलावातली मोडकी जीप अब्दुल गनी मिस्त्रीनं महिनाभर यवतमाळच्या कमलाकर वकिलांच्या अंगणात, तिच्याखाली उताणं पडून दुरुस्त केली. दसऱ्याला वकिलांनी बॉनेट उघडलं, इंजिनावर तांब्याभर गोमूत्राचं पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "गनी, गाडी शुद्ध केलीय. आता हात लावू नकोस."

गनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तो फडकं खांद्यावर टाकून कडुलिंबाखाली जाऊन बसला.

पूजा झाली, नारळ फुटला. पण जीप काही केल्या सुरू होईना.

"गनी, बघ रे काय झालं!"

"इंजनात पानी गेलं, वकीलसाब. कोरडं फडकं मारा, दोन मिनिटात चालू होईन."

"मग मार की!"

खांद्यावरचं फडकं झटकत गनी फाटकाकडे निघाला.

"मी पुसली, तं तुमाले पुन्हा धुवा लागन ना जी!"