सर एव्हरार्डचं मत

निवडून आले असते, तर सर एव्हरार्ड थॉर्सबींना पार्लमेंटात जागा मिळणार होती, आणि पाठोपाठ लष्कर खात्यात पद. आजोबांपासून चालत आलेली ‘सर’ ही पदवी आणि लढाईत गमावलेला डावा हात, एवढं त्यांच्यापाशी आधीच होतं.

खोगीर शिवणाऱ्या जोब टकेटचा लाभ लहान होता. राहतं घर टिकलं असतं. घरमालक म्हणजे सरांच्या विरोधातले उमेदवार, गिरणीवाले हॅडो. मत द्यायचं ते चौकातल्या लाकडी मंचावर चढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जोबने सकाळी मालकाच्या तोंडावर सरांचं नाव घेतलं होतं. सर कर्नल असताना तो त्यांच्याच पलटणीत होता. “मी आलो, तर तुला घराबाहेर काढायची हॅडोची छाती नाही,” असा सरांनी त्याला शब्द दिला होता.

मतदान चारला बंद होणार होतं. चारला पाच कमी असताना कारकुनाने आकडा वाचला. दोघांना प्रत्येकी एकशे बारा.

“कुणी राहिलंय?”

“कर्नलसाहेब राहिलेत की!” कसाई ओरडला. “चढा साहेब! हॅडोंनी सकाळीच स्वतःचं नाव ठोकलंय. तुम्हालाच लाज कसली?”

थॉर्सबींच्या घराण्यात उमेदवाराने आपलं मत समोरच्याला द्यायची रीत होती. आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली. अर्थात, ते दोघे पन्नास-पन्नास मतांनी निवडून येत.

सर पायऱ्या चढले. रिकामी बाही वाऱ्यावर हलत होती.

“मत कुणाला?”

“मिस्टर हॅडोंना.”

मग कसायाने टोपी काढली. मागोमाग साऱ्या चौकाने काढली. हॅडो कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनीही काढली.

“बघितलंस, हेस्टर?” जोब बायकोला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “काय माणूस आहे!”

“खरंच, काय माणूस आहे!” शेजारी उभा असलेला हॅडोंचा कारभारी म्हणाला. त्याचेही डोळे ओलेच होते. ते त्याने रुमालाने नीट पुसले. “सोमवारी किल्ली आणून दे, टकेट.”

जोब अजून मंचाकडेच बघत होता.

“टोपी घाला डोक्यावर,” हेस्टर म्हणाली. “तेवढंच छप्पर उरलंय आपल्याला.”