चिखलापुरती फट

ओस्मो नेमबाजीच्या रायफली हातानं घडवून देतो. शाळेत गणित शिकवणारी राइली त्याची जुनी गिऱ्हाईक आणि त्याहून जुनी डोकेदुखी. गोळी आत सारणारा दांडा, म्हणजे बोल्ट, आणि नळी यांच्यातली फट तिला नेहमी केसाहूनही बारीक लागते, नेम जराही हलायला नको म्हणून. यंदा मात्र ती नवी नळी बसवून घ्यायला आली आणि म्हणाली, "फट मोठी ठेव. आत चिखल गेला, बर्फ गोठला, तरी बोल्ट अडकता कामा नये."

ओस्मोनं कॉफीचा कप खाली ठेवला. "अगं बाई, तू छपराखाली चटईवर आडवी पडून कागदावर गोळ्या मारतेस. तिथं चिखल कोण आणून टाकणार, मी?"

"तू नाही."

तिची नजर खिडकीबाहेरच्या जंगलावर होती. ते जंगल संपतं तिथं फिनलंडही संपतं, पलीकडे रशिया.

"उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा आहे," ओस्मो म्हणाला. "एवढ्या फटीनं हातचं पदक जाईल. मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

"गेलं तर जाऊ दे."

"भित्री झालीस गं म्हातारपणी!" त्यानं चिडवलं. एरवी राइलीनं त्याला दोन शब्द जास्तच सुनावले असते. आज हातमोजे चढवून ती निघून गेली.



स्वतःच्या रायफलीची फट ओस्मोनं मागच्याच आठवड्यात वाढवली होती. बायकोला सांगायचा धीर मात्र त्याला अजून झाला नव्हता.