निवडक तिसरी शिफ्ट

“आमच्या ओंकारचं ते लाव. पयल्यापासनं.”

जयसिंगचा ब्रश सोपानरावांच्या गालावरच थांबला. पिंपळे गुरवच्या त्याच्या सलूनमध्ये सोपानराव दाढीचं जुनं गिऱ्हाईक होते. पोराच्या बँडचा विषय निघाला की ते पेपर तोंडासमोर धरायचे.

“आण्णा, तब्येत बरी हाय ना?”

“दाढी कर गप. आन् आवाज वाढीव.”

बँडचं नाव ‘तिसरी शिफ्ट’. गावातली आणि तळवड्याकडची मिळून चार पोरं. एका म्युझिक कंपनीने त्यांची सगळ्यांत गाजलेली गाणी निवडून नुकतीच एकत्र काढली होती. रिक्षात, जिममध्ये, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तीच वाजत होती. फक्त सोपानरावांच्या घरात वाजत नव्हती.

आदल्या दिवशी जेवताना ओंकारने ताट बाजूला सारलं होतं. “हिंदुरावमामांनी चाकणच्या कारखान्यात चिकटवलंय, जातो मी सोमवारपासून. पण एकदा मन लावून आमची गाणी ऐका, आबा. ऐकून झाल्यावर तुमी सांगाल ते करीन. पुन्हा विषय काढणार न्हाई.”

तिशी ओलांडलेला पोरगा. पहिल्यांदाच त्याने काही मागितलं होतं. सोपानरावांनी हो म्हटलं होतं.

गाणं त्यांना वर्ज्य नव्हतं. भैरवनाथाच्या देवळात ते उभी हयात भजन म्हणत आले होते. कुणाचा सूर किती पाण्यात आहे, ते डोळे मिटून सांगायचे. पण गिटार आणि ड्रम त्यांना गाणं वाटत नसे. पोरांनी तालीम करायची तर घरामागच्या पंपाच्या खोलीत, दार लावून, असा त्यांचा दंडक होता. भिंतीतून त्यांना नुसती धडधड ऐकू यायची.

आज पहिल्यांदा मधे भिंत नव्हती.

पहिल्या गाण्याला त्यांच्या कपाळावर आठी होती. दुसऱ्याला ती गेली. तिसरं गाणं एका विहिरीचं होतं. विहीर बुजवली, वर बारा मजले चढले, आणि म्हातारा अजून सकाळी उठून तिथे पाणी बघायला जातो, असं काहीतरी. सोपानरावांची विहीर अशीच गेली होती. तेही जात असत, टॉवरच्या वॉचमनने हटकेपर्यंत. आपण कुठे जातो हे पोराला कसं कळलं?

“हलू नका, आण्णा. कापेल.”

“मग थांब ना जरा!”

जयसिंग वस्तरा धरून उभा राहिला. फेस सुकला. पुढच्या नंबरासाठी बाकावर बसलेल्या सुजितने घड्याळ बघितलं. दाढी झाल्यावर सोपानराव खुर्चीवरून उठले आणि बाकावर बसले. शेवटचं गाणं संपल्यावरच ते पायऱ्या उतरले.

ओंकार घराखालच्या पार्किंगमध्ये मोटारसायकल पुसत होता. ते थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“हिंदुरावाला फोन करतो. न्हाई येत म्हणून सांगतो.”

ओंकारच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “ऐकलं?”

“समदं ऐकलं. जयसिंगच्या दुकानात. ती निवडून काढल्यात ती.” “तुझी आई म्हणायची, पोराच्या गळ्यात काहीतरी हाय. मीच तिला गप करायचो. काय गळा रे तुझा! लांब हाक मारावी तसा जातोय. आन् ती आपली विहीर... मला वाटायचं, तुझं ध्यानच न्हाई घराकडं.”

ओंकार खाली मोटारसायकलकडे बघत राहिला. हे आजवर न केलेलं कौतुक त्याला पेलत नसावं, असं सोपानरावांना वाटलं. त्यांना ते आणखी करावंसं वाटलं. आणि कौतुक खरं आहे हे पटावं, म्हणून भजनातल्या जाणकारासारखी त्यांनी एक खोडही काढली.

“फकस्त त्या मागं झील धरणाऱ्याला, तुझ्या मागनं सूर वढतोय त्याला, आवरा. कच्चा हाय. तू वर गेलास की मधेच पडतोय. तसल्या माणसाला कशाला ठेवलाय?”

ओंकारने फडक्याची घडी घातली. मग तिची आणखी एक घडी घातली.

“आबा, आम्ही दोघं गायचो. मी आणि तळवड्याचा ज्ञानेश. कंपनीनं ज्याची गाजली त्याचीच घेतली. त्यात माझं एकबी गाणं न्हाई. विहीर त्याच्या आजोबांची हाय.”

“मग तू?”

“झील माझी हाय.”

सोपानरावांनी मोटारसायकलच्या सीटवर हात टेकला. “तसं न्हवं... मी आपलं... तुझी लाव की. आत्ता ऐकतो. हितंच बसतो.”

“न्हाई.” ओंकारच्या आवाजात राग नव्हता. “आता तुमी चांगलंच म्हणाल. मघाशी खरं म्हणालात. लोकांनी ज्ञानेशला निवडलं तेव्हा मला वाटलं, लोक काय, परकेच असतात.”

त्याने बापाच्या शर्टाच्या खिशातला फोन काढला, हिंदुरावांचा नंबर लावला आणि तो त्यांच्या हातात दिला.

“सोमवारी कुठल्या गेटला यायचं, तेवढं विचारा.”