दम

रंजीताचं डोकं पार चक्रावून गेलं. ग्रामसभेचा वनहक्काचा नकाशा अपलोड करायची आज शेवटची तारीख, आणि ती जेवायला उठली की कॉम्प्युटर बंद पडे. आरमोरीच्या मेकॅनिकनं फोनवर सांगितलं तशी तिनं रॅम खोडरबरानं घासली, मेमरीचं व्होल्टेजही दोनदा वाढवलं. त्यानं कॉम्प्युटरची पेटी तापली आणि आतला पंखा आणखीच घोंघावू लागला. आता पाणी प्यायला उठली तरी पडद्यावर अंधार. शेवटी ती दाराआड थांबली. सासरे आले, पेटीवर हात ठेवला, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि जरा वेळानं पुन्हा सुरू केलं. "मामाजी, बंद काऊन केले जी?" "हापत होता ना बिचारा! औत सोडलो, थोडा दम खाऊ देलो, मंग परत जुंपलो." रंजीतानं व्होल्टेज आधीइतकं केलं. पंखा शांत झाला. सासरे खूश: "पाह्य बाई, आता कसा रवंथ करून राह्यला."