कपाळावरचं आयोडीन

पत्रांची पिशवी. अकरा मैल. कपाळावर तपकिरी ठिपका. लीड्स, १९८८: सुनीतीची पहिली स्वतंत्र शस्त्रक्रिया, सत्तरीच्या निवृत्त पोस्टमनचा मोडलेला घोटा. तिचे वरिष्ठ सर्जन मिस्टर हॅलम मागे उभे राहून तिला पारखत होते. त्यांच्या शिफारशीवाचून ट्रेनिंग इथेच संपणार होतं. सुरी घेण्याआधी तिने सवयीने आयोडीन फासलेल्या वडीलधाऱ्या पावलाला हात लावून कपाळाला टेकवला. निर्जंतुक हातमोजा वाया गेला. "हे काय होतं?" "सॉरी, मिस्टर हॅलम. आमच्याकडे मोठ्यांच्या पाया पडतात." "तीस वर्षं पाय कापतोय, कधी सुचलं नाही. जा, पुन्हा स्क्रब कर." ती परतल्यावर सिस्टर कपाळ पुसायला सरसावली. "राहू दे," म्हणत हॅलम मदतनीसाच्या जागी उभे राहिले. घोटा उघडला. आतलं हाड ओल्या शिंपल्यासारखं चमकलं. पोस्टमन पत्रांची पिशवी घेऊन चाळीस वर्षं रोज अकरा मैल चालला होता.