वाघिणींचं मानधन

"सवितानं अर्ध्या मानधनावर सही केली," संघाचे मॅनेजर पंडितसर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप कोमलपुढे सरकवला. "कालच. तुला म्हणून सांगतो. तिच्यापाशी विषय काढू नकोस, तिला गाजावाजा नको आहे."

कोमलच्या हातातलं पेन हातातच राहिलं. नव्या हंगामाच्या करारावर सही करायलाच ती संघाच्या राजपुरा भागातल्या कचेरीत आली होती.

"काहून पण?"

"चारुलता हवी आहे आपल्याला. डावा कोपरा तिच्यासारखा अख्ख्या लीगमध्ये कोणी सांभाळत नाही. मालक म्हणतात, बजेट एवढंच. तर सविता म्हणाली, सर, माझे कापा, पण यंदा कप आणू."

तापी वाघिणी हा बऱ्हाणपूरचा महिला कबड्डी संघ. तीन वर्षं सलग उपांत्य फेरीत हरलेला. सविता कर्णधार, नेपानगरच्या कागद गिरणीच्या कॉलनीतली. कोमल खकनारकडच्या केळीवाल्यांच्या घरातली. दोघी पाच वर्षं एकत्र खेळत होत्या. चढाईतले गुण जवळपास सारखे. पण मैदानात उतरताना पब्लिक आधी ओरडायचं ते सविताचं नाव. आणि आता हे.

तिला सुचलं, मला का नाही सुचलं?

"माझे चारातले तीन हिस्से कापा," कोमल म्हणाली.

पंडितसरांनी चष्मा काढला. "विचार कर. तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी पाह्यते."

गुडघ्याचं ऑपरेशन ह्या उन्हाळ्यातच करा, असं इंदूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठीच ह्या हंगामाचे पैसे तिनं मनात बाजूला काढून ठेवले होते. घरी ती म्हणाली, "वर्षभर थांबलं तरी चालतं."

"डॉक्टर म्हणला, का तूच म्हणतेस?" आईनं, चंद्रभागानं, विचारलं.

कचेरीतून निघताना कोमल सरांना म्हणाली होती, "हे कोणाला सांगू नका." आणि सर सांगतील अशी आशा धरून बसली होती.

चारुलता आली. आठवडाभरात शोभाही आली, पकडीत लोखंडासारखी. कोमलला वाटलं, ही माझ्या जादा हिश्शातली. पण कोणी तिच्या पाठीवर थाप मारली नाही.

सविता मात्र बदलली. सरावाला आली की नमस्कार नाही, हसणं नाही. पाणी प्यायलाही लांब जाऊन बसायची. एवढा त्याग केल्यावर चढणारच की माज, कोमल मनात म्हणाली. त्यात एक दिवस सविता स्कूटी सोडून गर्दीच्या ऑटोतून उतरली.

"गाडी कुठंय?"

"विकली. काहून, तुले पाह्यजे होती?"

साधेपणाचा देखावा! कोमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गुडघ्याला पट्टी जरा जास्तच घट्ट आवळली.

त्या हंगामात सवितानं तीन गुण आणले की कोमल चार आणायची. कोमलनं चार आणले की सविता पाचासाठी अंगावर सगळा संघ घ्यायची. दोघींत सामन्याबाहेर एक शब्द नाही. बघणारे म्हणत, क्या तालमेल है! समोरचे संघ चिरडत वाघिणी अंतिम फेरीत गेल्या.

भोपाळला तो सामना झाला. शेवटची चढाई उरली तेव्हा संघ एका गुणानं मागे होता. कोमल लंगडत होती. सवितानं तिच्या पायाकडे पाहिलं.

"मी जाते."

"नाही. मी."

सविता बाजूला सरली. "जा बाई. सगळं तुलेच करायचं असतं."

कोमल गेली. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला पायानं शिवली, परत वळताना दुसरीनं कमरेला मिठी मारली, गुडघ्यात कट् झालं. कोमल पडली. पडता पडता तिचा हात मध्यरेषेवर पोचला होता. दोन गुण. कप.

दुसऱ्या दिवशी दुपारी बऱ्हाणपूरच्या शनवारा चौकात सत्कार झाला. ढोल, हार, मंडप. पंडितसरांनी माईक घेतला, आणि कोमल दात आवळून बसली. आता सविताचं नाव येणार, अर्ध्या मानधनाची गोष्ट येणार, टाळ्या पडणार.

सर मालकांच्या मोठ्या मनाबद्दल बोलले. मग स्वतःच्या नियोजनाबद्दल बोलले. आणि खाली बसले.

आधी कोमलला गार वाटलं. मग तिनं सविताकडे पाहिलं. हार गळ्यात घालून ती कडेला उभी होती. चेहरा ओढलेला, सलवारीची कड उसवलेली. एवढं करून हिला काय मिळालं? कोमलला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

मावा जिलेबीचे दोन द्रोण घेऊन ती लंगडत तिच्याकडे गेली.

"सविता, एक सांगू? रागावू नको. वर्षभर मी तुझ्यावर जळली. तू अर्धे पैसे सोडले, हे सरांनी मले सहीच्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणून मी तीन हिस्से सोडले. बस, तुझ्यापेक्षा वरचढ व्हायचं होतं. ऑपरेशनचे होते ते."

सविताच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"तू सही केली, तवर मी कचेरीत गेलीच नव्हती," ती हळू म्हणाली. "मी गेली दुसऱ्या दिवशी. सर म्हणाले, कोमलनं तीन हिस्से सोडले. मंग मी सगळंच सोडलं."