एका उशीखाली

लेकीच्या उशीखाली हात घालून मसूदाने ग्रंथ चाचपला. होता. सेफ्रू गावच्या यहुदी मोहल्ल्यात अडलेल्या बाईची सुखरूप सुटका व्हावी म्हणून तिच्या डोक्याखाली ठेवायला या पवित्र ग्रंथाचा हा एकच खंड होता. सिनेगॉगच्या राखणदाराने पहाटे तो रेशमी फडक्यात गुंडाळून आणून दिला होता. लेक सिम्हा कालपासून अडली होती. आता कण्हण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

आतली गूढ अक्षरं घरात कुणालाच लागत नव्हती. राखणदार एवढंच सांगून गेला होता, की शिपाई जिवावर उठले तेव्हा एक सत्पुरुष तेरा वर्षं गुहेत दडून बसला आणि त्या अंधारात त्याला हे सारं दिसलं. भीतीच्या पोटी जन्मलेला ग्रंथ, म्हणून भ्यालेल्याला ओळखतो.

दारात हनीना येऊन उभी राहिली. समोरच्या रंगाऱ्याची आई. सिम्हाच्या लग्नात हिने जेवणाला नावं ठेवली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आज आली ती थेट मसूदाचे हात धरून खाली बसली. सून तामो सकाळपासून अडलीय, ग्रंथ घटकाभर दे, म्हणू लागली. हनीनाच्या तोंडून एकही टोमणा निघेना, तसे मसूदाने आपले हात सोडवून घेतले.

"काढला आणि माझी गेली तर?"

"आणि नाही दिलास, तर माझी?"

कळा सुरू असताना डोक्याखालून काढलेला ग्रंथ बाईचा जीव सोबत नेतो, हे दोघीही न्हाण आल्यापासून ऐकत आल्या होत्या.

तेवढ्यात समोरून येणारा तामोचा ओरडा थांबला. सिम्हाजवळ बसलेल्या सुईणीचे हातही क्षणभर थबकले.

"ग्रंथ हलायचा नाही," मसूदा म्हणाली. हनीना भिंत धरून उठली, तशी ती पुढे म्हणाली, "सुनेला इकडे घेऊन ये."

चौघांनी तामोला फळीवर घालून आणलं. ती जिवंत होती. एकीचे पाय खिडकीकडे, दुसरीचे दाराकडे. डोकी मात्र एकाच लांब उशीवर. दोघींचे घामेजलेले केस एकमेकींत गुंतले.

आता मसूदाला निराळीच धास्ती पडली. तिने सुईणीला हळूच विचारलं, "दोघींना पुरेल ना गं हा?"

"वाचता येत असतं तर सांगितलं असतं," सुईण म्हणाली. "पाणी आण."

पाणी देऊन मसूदाने पुन्हा उशीखाली हात घातला. पलीकडून हनीनाचा हात आधीच तिथे पोचला होता. चामड्याच्या पुठ्ठ्यावर बोटांना बोटं लागली. दोन्ही हात थंडगार होते.

"बोटभर इकडे सरकव ना, बाई," हनीना पुटपुटली.

मसूदाने डोळे मिटले. बोटभर सरकवला. मग घट्ट धरून ठेवला.

कितीतरी वेळाने बाळाचं रडणं उमटलं. एकाच बाळाचं. कुणाचं, ते पाहायला ग्रंथ धरून बसलेल्या दोघींपैकी एकीचीही मान वर झाली नाही.